खिडकीखालचं गाणं आणि एका संध्याकाळचा खेळ



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांचे बरेच विद्यार्थी आज समोर बसले आहेत. सरांनी इतिहास शिकवताना मुलांना सनावळ्या कमी आणि प्रश्न जास्त विचारले, हे मी त्या विद्यार्थ्यांकडूनच ऐकलं आहे. म्हणून आजचा विषय मला सरांच्या जवळचा वाटतो. मी खेळाबद्दल बोलणार आहे. चार-पाच माणसं टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एक भूमिका घेतो, एक सूत्रधार प्रसंग सांगत जातो आणि मध्येच थांबून विचारतो, ‘आता तू काय करशील?’ उत्तर येतं, त्यावर पुढची गोष्ट ठरते. शेवट कोणालाच माहीत नसतो, सूत्रधारालाही नाही. जगभर याला रोलप्लेइंग गेम म्हणतात आणि त्याची तीनतीनशे पानांची पुस्तकं बाजारात मिळतात. मला त्या पुस्तकांबद्दल बोलायचं नाही. एखाद्या शनिवारी दुपारी घरी बसून रचावा, संध्याकाळी खेळावा आणि त्याच रात्री संपवावा, अशा खेळाबद्दल बोलायचं आहे.

असा खेळ रचायला बसलेली माणसं, विशेषतः तरुण मुलं, पहिल्यांदा नियम लिहायला घेतात. शक्ती किती, चपळाई किती, तलवारीने किती जखम होते. चार पानं भरतात आणि खेळायचं काय ते ठरलेलंच नसतं. माझं म्हणणं उलट आहे. आधी ठिकाण घ्या, जे टेबलाभोवतीच्या सगळ्यांना पायाखालचं आहे. मग त्या ठिकाणी घडलेली एक गोष्ट घ्या. आणि नियम त्या गोष्टीतूनच काढा. बाहेरून आणलेला नियम खेळाला चिकटत नाही.

ठाण्यात बसून हे सांगताना उदाहरण शोधायला मला लांब जावं लागत नाही. आपलं मध्यवर्ती कारागृह ज्या तटाच्या आत आहे, तो ठाण्याचा किल्ला. पोर्तुगीजांनी तो बांधायला घेतला, 1737 मध्ये मराठ्यांनी घेतला, 1774 मध्ये इंग्रजांनी घेतला. याच तटाच्या आत 19 एप्रिल 1910 रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी झाली. ती आठवण घेऊन खेळ करावा असं मला वाटत नाही. पण त्याआधी, नव्वदहून जास्त वर्षं आधी, इथे आणखी एक गोष्ट घडली, आणि ती खेळासाठीच घडली असावी इतकी नेमकी आहे.

जुलै 1815 मध्ये, आषाढीच्या सुमारास, पंढरपुरात गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला. शास्त्री गायकवाडांचे वकील म्हणून पेशव्यांकडे आले होते, आणि इंग्रजांनी त्यांच्या सुरक्षिततेची हमी घेतली होती. संशय दुसऱ्या बाजीरावाच्या मर्जीतल्या त्रिंबकजी डेंगळ्यांवर आला. पुण्याचा रेसिडेंट एल्फिन्स्टन याने दबाव आणला आणि पेशव्याला त्रिंबकजी इंग्रजांच्या हवाली करावे लागले. त्यांना ठाण्याच्या किल्ल्यात ठेवलं. पहाऱ्यावर फक्त गोरे शिपाई नेमले. हेतू उघड आहे: देशी शिपाई फितूर होईल, गोरा होणार नाही.

नेमक्या त्याच सावधगिरीला भोक होतं. किल्ल्यातल्या एका अधिकाऱ्याकडे एक मराठी मोतद्दार नोकरीला होता. साहेबाचा घोडा फिरवायला नेताना तो त्रिंबकजींच्या खिडकीखालून जायचा-यायचा आणि जाता-येता सहज गाणं गुणगुणावं तसं गायचा. गाण्यात निरोप असायचा. पहारेकरी ऐकत होते, पण त्यांना मराठी येत नव्हतं. 12 सप्टेंबर 1816 च्या रात्री पावसात त्रिंबकजी शौचकूपाकडे गेले. तिथल्या भिंतीला आरपार भोक पाडून ठेवलेलं होतं आणि पलीकडे तबेला होता. ते निसटले, खाडी ओलांडली आणि इंग्रजांना पुढे बराच काळ सापडले नाहीत. ग्रँट डफने आपल्या इतिहासात मोतद्दाराची ही हकिगत लिहिली आहे. बिशप हेबर 1824 मध्ये फिरतीवर असताना त्याच्याही कानावर ती आली होती.

आता या गोष्टीकडे खेळ रचणाऱ्याच्या नजरेने बघा. कैदी आहे, तट आहे, खाडी आहे, पाऊस आहे. हे सगळं कुठल्याही पलायनकथेत असतं. या गोष्टीत एकच वस्तू अशी आहे जी दुसरीकडे नाही: पहारेकऱ्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्या कानावर पडणारं, तरीही त्याला न कळणारं गाणं. तेव्हा खेळाचा मुख्य नियम गाण्याचाच हवा. बाकी सगळं त्याच्या भोवती.

मी तो असा केला आहे. टेबलापासून थोडी दूर एक खुर्ची ठेवायची, ती खिडकी. खेळाडूंपैकी एक जण तिथे जाऊन बसतो, तो त्या वेळेपुरता त्रिंबकजी. दुसरा मोतद्दाराच्या जागी उभा राहतो. त्याच्या हातात सूत्रधाराने दिलेली चिठ्ठी असते, तिच्यावर निरोप: भोक कुठे आहे, किंवा कोणत्या रात्री, किंवा पलीकडे कोण थांबलं आहे. हा निरोप त्याने गाऊन सांगायचा. चाल येत नसेल तर ओवीसारखं म्हणावं, उखाण्यासारखं म्हणावं. लग्नात नाव घेताना ऐन वेळी यमक जुळवलेली माणसं आपल्या प्रत्येक घरात आहेत. हे कौशल्य आपल्याकडे शिकवावं लागत नाही. मध्ये सूत्रधार पहारेकरी म्हणून बसतो. त्याला मराठी येत नाही. पण हिंदुस्थानात राहिलेल्या गोऱ्या शिपायाला नावं ओळखू येणार आणि बाजारातले काही शब्दही. म्हणून एका कागदावर बारा शब्द लिहून सगळ्यांना दिसेल असे चिकटवायचे: ठाणे, पुणे, बाजीराव, त्रिंबकजी, साहेब, घोडा, पाणी, रात, दरवाजा, बंदूक, किल्ला, जल्दी. यातला एकही शब्द गाण्यात आला की पहारेकऱ्याची मान वळते आणि संकट एक पाऊल जवळ येतं.

डोंबिवलीत एका सोसायटीच्या गच्चीवर हा खेळ चालला होता. मोतद्दाराच्या जागी एक आजी होत्या. त्यांच्या चिठ्ठीत होतं, ‘तबेल्याच्या बाजूची भिंत फोडली आहे’. आजींनी क्षणभर डोळे मिटले आणि म्हटलं:

वळचणीची काडी काडी
चिमणी ही रोज ओढी
वाट झाली पुढे थोडी
पाखरा तुला.

बारा शब्दांपैकी एकही नाही. ओवी निर्दोष. पण खिडकीच्या खुर्चीवर बसलेल्या नववीतल्या मुलाने वळचण ऐकली आणि तो समजला की वरची कौलं काढली आहेत. त्याला विचारलं, ‘आता काय करशील?’ तो म्हणाला, ‘छपराकडे चढतो.’ पुढचा अर्धा तास सगळा खेळ त्या चुकीच्या कौलांवर चालला. खाली भोक तयार, वर कैदी भिंतीला लटकलेला, आणि बाकीचे चौघे त्याला खाली कसं आणायचं याच्या खटपटीत. मी लिहून आणलेल्या कुठल्याही प्रसंगापेक्षा तो अर्धा तास सरस होता. म्हणून सांगतो, सूत्रधाराने गैरसमज दुरुस्त करू नये. निरोप जसा समजला तसाच खरा धरून पुढे जावं.

त्रिंबकजींची भूमिका कोणा एकाला कायमची देऊ नये, हे मी फार आग्रहाने सांगेन. कैद्याला नाव असतं, दरारा असतो. पण तो बसून असतो. त्याची भूमिका एकाला दिली की बाकीचे त्याचे नोकर होतात आणि त्याच्या तोंडाकडे बघत बसतात. प्रत्येक गाण्याला खुर्चीवर नवा माणूस बसवा. खेळ ज्यांची नावं इतिहासाने लिहून ठेवली नाहीत त्यांचा आहे. मोतद्दाराचं नावही मला कुठे वाचायला मिळालेलं नाही.

भूमिका पाच. मोतद्दार. खाडीत होडी घालणारा नावाडी. किल्ल्याच्या डागडुजीला जाणारा गवंडी. रोज आत मासळी देणारी बाई. आणि इंग्रजांच्या नोकरीतला दुभाष्या. प्रत्येकाला एक चिठ्ठी, तिच्यावर तीनच ओळी: मी काय करतो, मला काय जमतं जे बाकीच्यांना जमत नाही, आणि मी काय कोणाला सांगत नाही. तिसऱ्या ओळीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. आमच्या गवंड्याच्या चिठ्ठीत तिसरी ओळ अशी आहे: ‘मागल्या वर्षी आषाढीला मी पंढरपुरात होतो. शास्त्रींना मारून पळणारी माणसं मी पाहिली.’ ही एक ओळ नसती तर हा खेळ फक्त कोडं राहिला असता, भिंत कशी फोडायची एवढंच. त्या ओळीमुळे प्रश्न येतो की भिंत फोडावी का. त्रिंबकजी निर्दोष होते असं समजून हा खेळ खेळला की तो पोकळ होतो. इंग्रजांची कैद फोडायची आहे आणि आत बसलेल्या माणसावर एका वकिलाच्या खुनाचा आळ आहे, या दोन्ही गोष्टी एकाच हातात धरून पाच माणसांनी ठरवायचं आहे. मी हा खेळ चालवताना गवंड्याने आपलं गुपित कधी सांगितलं, त्यावर सगळी संध्याकाळ फिरलेली पाहिली आहे.

चिठ्ठ्या धंद्यावरून लिहा, जातीवरून नको. 1816 च्या ठाण्यात जात होतीच, आणि खेळाडूंना ती बोलावीशी वाटली तर ती त्यांच्या तोंडून यावी. पण कोणाच्या हातात जातीची चिठ्ठी देऊन ‘आता असं वाग’ म्हणणं, तेही करमणुकीसाठी, मला मान्य नाही.

दुभाष्याबद्दल एक शब्द. गाण्याची युक्ती चालते कारण मराठी कळणारा माणूस पहाऱ्यावर नाही. म्हणजे गाण्याला खरा धोका दुभाष्याचा. तो आपल्यातलाच एक खेळाडू असतो, आणि संकट अर्ध्यावर आलं की साहेब त्याला खिडकीखाली उभं करतो. त्याने काय सांगायचं ते तोच ठरवतो.

संकट मोजायचं कसं? कागदावर एक वर्तुळ काढा, त्याचे सहा भाग करा. ती खाडीची भरती. चूक झाली, उशीर झाला, निषिद्ध शब्द निघाला की एक भाग पेन्सिलीने भरा. सहा भरले की होडी निघू शकत नाही. खाडीकाठच्या माणसाला भरती-ओहोटी समजावून द्यावी लागत नाही. ओहोटीपासून भरतीपर्यंत सहा तासांच्या थोडं वर लागतात, म्हणून सहा भाग. पुण्याच्या मंडळींसाठी हाच खेळ केला तर हे घड्याळ मी बदलेन.

फासे लागतात ते गाण्याव्यतिरिक्तच्या धाडसाला: भिंत खोदताना, शिपायाच्या मागून जाताना, पावसात होडी धरून ठेवताना. लुडोच्या डब्यातले साधे फासे पुरतात. नेहमी एक फासा. काम तुमच्या धंद्याचं असेल तर आणखी एक. दुसरा कोणी तुमच्याबरोबर धोका पत्करत असेल तर तिसरा. सगळे टाकायचे, सर्वांत मोठा आकडा धरायचा. सहा आला तर काम फत्ते. चार-पाच आला तर काम झालं पण भरती एक भाग चढली. तीन किंवा कमी असेल तर काम फसलं आणि भरतीही चढली. ही रीत माझी नाही. जॉन हार्पर या अमेरिकन रचनाकाराच्या ‘ब्लेड्स इन द डार्क’ या खेळावरून घेतली आहे. तिचं गणित पाहण्यासारखं आहे. एकाच फाशाने पूर्ण फसण्याची शक्यता निम्मी. दोन फाशांनी ती चारात एक. तीन फाशांनी आठात एक. म्हणजे ‘तू एकटा जाऊ नकोस, मी येतो’ या वाक्याला या खेळात मोजता येणारी किंमत आहे, आणि हे खेळाडूंना दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतच समजतं. शिवाय दोन-तीन फासे असले की मधलं उत्तर, काम झालं पण किंमत पडली, हेच सगळ्यात जास्त वेळा येतं; दोन फाशांना ते छत्तीसात सोळा वेळा येतं, आणि गोष्ट पुढे सरकते ती त्या सोळा वेळांमुळेच.

एवढेच नियम. यात लढाई नाही. कोणी म्हणतं, ‘मी शिपायाला मारतो’. मी त्याला थांबवत नाही. मासळीवालीच्या हातात कोयता असतोच. पण एक शिपाई पडला की किल्ला जागा होतो आणि वर्तुळाचे तीन भाग एकदम भरतात. खेळाडू पुढचं आपोआप समजतात.

इतक्या थोड्या नियमांवर खेळ उभा राहील का, ही शंका मला नेहमी विचारली जाते. या खेळांचा इतिहास तिचं उत्तर देतो. प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ या अधिकाऱ्याने 1824 मध्ये नकाशावर खेळायचा युद्धाचा खेळ रचला, फासे आणि कोष्टकांसह. कोष्टकं इतकी वाढली की अधिकारी कंटाळले. 1876 मध्ये फॉन व्हेर्डी या सेनाधिकाऱ्याने सुचवलं की अनुभवी पंचाने परिस्थिती पाहून निकाल द्यावा, कोष्टकं बाजूला ठेवावीत. पुढे 1960 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मिनेसोटात डेव्हिड वेस्ली या तरुणाने ‘ब्राउनस्टाइन’ नावाच्या काल्पनिक जर्मन गावात एका बैठकीचा खेळ लावला. ज्यांना सैन्य द्यायला उरलं नव्हतं त्यांना त्याने गावातली माणसं दिली. लोक परस्पर बोलायला लागले, कट करायला लागले, त्याच्या हातातून सगळं सुटलं. त्याला वाटलं खेळ फसला. खेळणारे पुन्हा कधी म्हणून विचारू लागले. त्यांच्यातच डेव्ह आर्नेसन होता, आणि त्याने गॅरी गायगॅक्सबरोबर 1974 मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढलं. म्हणजे हे जाडजूड पुस्तकांचं विश्व ज्यातून निघालं तो खेळ घरगुती होता आणि एका बैठकीत संपणारा होता.

आपल्याकडे तर याहून जुनी रीत आहे. डोंबिवली-कल्याणमध्ये सिंधुदुर्गातली इतकी कुटुंबं आहेत की दशावतार सांगायला मला संकोच वाटतो. जत्रेच्या रात्री आख्यान ठरतं, कोणी कोणती सोंगं घ्यायची ते ठरतं, प्रसंगांचा क्रम ठरतो आणि कलाकार रंगमंचावर जातात. संवादांची लिखित संहिता नसते. समोरच्याने जे टाकलं ते घेऊन उत्तर द्यायचं, पखवाज आणि हार्मोनियमच्या साथीने, रात्र सरेपर्यंत. सूत्रधारी करणाऱ्याने दशावतार एकदा तरी या नजरेने पाहावा. कलाकार दुसऱ्याचं वाक्य कधी मारत नाही. राजाने एखादी चूक केली तर प्रधान ती राजाची चाल समजून वापरतो. आजींची वळचण आणि छपराला लटकलेला मुलगा याच रीतीने निभावले गेले.

ठाण्यातच रत्नाकर मतकरींनी ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला तेव्हा वस्त्यांमधल्या मुलांनी स्वतःच्या जगण्यातल्या गोष्टी घेऊन नाटिका बसवल्या. खर्चिक नेपथ्य नव्हतं. स्वतःची गल्ली, स्वतःचा नळ, स्वतःचं भांडण. मला त्या प्रयोगाचं ऋण मानायचं आहे, कारण ठिकाण आपलं असेल तर पाठांतराची निम्मी गरज संपते, हे मी तिथून शिकलो.

कल्याणच्या पलीकडच्या मंडळींसाठी दुसरं उदाहरण देतो, फाशांशिवायचं. 27 जुलै 2019 रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान अडकली. गाडीत हजाराच्या वर माणसं, चारी बाजूंनी पाणी. एनडीआरएफच्या रबरी बोटी आल्या, नौदल आलं, आसपासच्या गावांतली माणसं आली, आणि सगळे प्रवासी सुखरूप बाहेर निघाले. 26 जुलै 2005 च्या पुरावर मी खेळ रचणार नाही; ज्या घरांतली माणसं त्या दिवशी परतली नाहीत, ती घरं याच स्टेशनांवर उतरतात. महालक्ष्मीची गोष्ट खेळता येते, कारण तिच्यात सगळे वाचले हे आपल्याला माहीत असलं तरी त्या वेळी आतल्यांना ते माहीत नव्हतं. एक डबा घ्या. दहा प्रवाशांची यादी करा, पाच खेळाडूंकडे प्रत्येकी दोन. बोटीत सहा जागा आहेत आणि बोट परत कधी येईल ते सूत्रधार सांगत नाही. पहिली बोट दारापाशी लागायला पाऊण तास आहे, भिंतीवरच्या घड्याळातला खराखुरा पाऊण तास. तेवढ्यात बोटीत कोण जाणार ते ठरवायचं. एवढाच खेळ. यात मी एकच नियम घालतो: प्रत्येक प्रवाशाने बोलताना ‘माझ्या घरी’ या शब्दांनी एक तरी वाक्य सुरू करायचं. इथल्या माणसाला रोजच्या लोकलमधली चौथी सीट मागताना जी भाषा येते, ती त्या डब्यात कशी बदलत जाते ते ऐकण्यासारखं असतं.

वेळेचं थोडं सांगतो. तीन तास धरा. चिठ्ठ्या वाचणं आणि ओळखी वीस मिनिटांत उरका. लोक चहाला उठतात ते मध्यावर उठू द्या, कारण कट खरे शिजतात ते चहाच्या वेळी. खेळाडू चार किंवा पाच. सातवा माणूस आला की दोन माणसं आपापसात गप्पा मारायला लागतात. आणि शेवटची चाळीस मिनिटं शेवटासाठी राखून ठेवा. एका संध्याकाळचे बहुतेक खेळ सुरुवात लांबल्यामुळे वाया जातात.

खेळ संपल्यावर खरा इतिहास सांगायचा, आधी सांगायचा नाही. खेळाडूंनी त्रिंबकजींना सोडवलं असेल, सोडवलं नसेल, दुभाष्याने सगळ्यांना पकडून दिलं असेल, काहीही झालेलं असेल. मग सांगा की ते खरोखर निसटले. एल्फिन्स्टनने त्यांच्या शोधाचा तगादा बाजीरावामागे लावला. जून 1817 च्या पुणे तहात बाजीरावाला मोठा मुलूख आणि किल्ले गमवावे लागले, नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली आणि पुढच्याच वर्षी पेशवाई संपली. 1818 मध्ये त्रिंबकजी पुन्हा पकडले गेले आणि गंगेकाठच्या चुनारच्या किल्ल्यात त्यांना ठेवलं. तिथून ते सुटले नाहीत. हे सांगून झालं की गवंड्याची चिठ्ठी ज्याच्याकडे होती, त्याला पहिल्यांदा बोलू द्या. मी एवढंच विचारतो: ‘पंढरपूरचं आधी सांगितलं असतंस तर?’ त्यावर बहुतेक वेळा नावाडी उत्तर देतो, गवंडी नाही, आणि वाद जिने उतरेपर्यंत चालतो.